पत्त्यात शहर, हद्दीत नाही: अमेरिकेतल्या अनइनकॉर्पोरेटेड भागात शेजारचा आवाज आणि काउंटीचे नियम

कुंपणकाठी (धागाकर्ती)

घर घेताना शाळा, पूररेषा, एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) वर्गणी हे सगळं तपासून होतं. रात्रीच्या आवाजाला नियम कोणाचा लागणार, हे मात्र कुणी विचारत नाही. पत्त्यात केटी (टेक्सास) किंवा रेडमंड (वॉशिंग्टन) लिहिलेलं असतं, म्हणून आपण त्याच शहरात राहतो असं धरून चालतो. प्रत्यक्षात घर असतं शहराच्या हद्दीबाहेर, थेट काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) अखत्यारीत. म्हणजेच अनइनकॉर्पोरेटेड.

जाणकारांनी तपशिलात लिहावं म्हणून सगळ्यांसाठी एकच उदाहरण देते. शेजारी पोहण्याच्या तलावाचा जुना, एकाच वेगाचा पंप आहे. तो कुंपणापासून ८ फुटांवर आहे आणि रात्री ११ ते सकाळी ६ चालतो. पंपापासून ३ फुटांवर ६६ डीबीए (कानाला जाणवतो तसा मोजलेला डेसिबल). आपली बेडरूमची खिडकी कुंपणापासून आणखी १५ फूट आत. हे कायद्यात बसतं का? नसेल तर जायचं कुणाकडे?

---

हद्दकायम

आधी हद्द कायम करा, मग आवाजाचं बघू. पत्त्यातलं गावाचं नाव पोस्ट ऑफिसच्या सोयीचं असतं, त्याला कायद्यात काडीची किंमत नाही.

खात्रीचा कागद म्हणजे मालमत्ता कराचं बिल. टेक्सासमध्ये ॲप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घराची किंमत ठरवणारं कार्यालय) साइटवर घराचा खाते क्रमांक टाकला की कर घेणाऱ्या संस्थांची यादी येते. त्यात काउंटी, शाळेचा आयएसडी, पाण्याचा एमयूडी, आगीचा ईएसडी दिसतात, पण कुठल्याच शहराची ओळ नाही? मग तुम्ही शहराबाहेर. फक्त एमयूडी दिसला म्हणून निष्कर्ष काढू नका, काही एमयूडी शहराच्या आतही असतात.

दुसरं म्हणजे काउंटीच्या जीआयएस (ऑनलाइन) नकाशावर शहराच्या हद्दीचा थर चालू करून बघा. हा नकाशा ताजा लागतो, कारण हद्दी हलतात. सिॲटलजवळचं क्लाहानी १ जानेवारी २०१६ ला समामिश शहराच्या हद्दीत गेलं. त्या तारखेआधीचं कोणी काही सांगितलं तर ते तेव्हापुरतं खरं होतं.

हा प्रकार काही आडरानातला नाही. लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं आहेत, तरी जवळजवळ ६५ टक्के जमीन आणि सुमारे १० लाख माणसं शहरांबाहेर आहेत. अल्टाडीना, हासिएंडा हाइट्स, रोलंड हाइट्स ही सगळी त्यातलीच. टेक्सासच्या हॅरिस काउंटीत तर असे २० लाखांहून जास्त लोक आहेत.

---

मोजपट्टी

आधी उदाहरणाचं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबल उतरतो. ३ फुटांवर ६६, तर कुंपणाशी, म्हणजे ८ फुटांवर, साधारण ५७.५. खिडकीशी, म्हणजे २३ फुटांवर, ४८ च्या आसपास. पंप दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवलेला असेल तर परावर्तनाने आकडा याहून वर जातो.

कॅलिफोर्नियात काउंटीला शहराइतकाच नियम करण्याचा अधिकार राज्यघटनेनेच दिला आहे (कलम ११, उपकलम ७). त्यामुळे लॉस एंजेलिस काउंटीचा स्वतःचा ध्वनिनियम आहे: काउंटी कोड, शीर्षक १२, प्रकरण १२.०८. राहत्या घरांसाठी बाहेरची मर्यादा सकाळी ७ ते रात्री १० ला ५० डीबीए आणि रात्री १० ते सकाळी ७ ला ४५.

इथेच बहुतेकांची गफलत होते. ४५ म्हणजे एक क्षणही ओलांडायचे नाहीत असं नव्हे, ती शिडी आहे. ४५ च्या वरचा आवाज तासात एकूण ३० मिनिटांपर्यंत चालतो. ५० च्या वरचा १५ मिनिटं, ५५ च्या वरचा ५ मिनिटं, ६० च्या वरचा १ मिनिट. ६५ च्या वर मात्र एक क्षणही नाही. पंप रात्रभर एकसारखा चालतो, तो पहिल्याच पायरीवर अडकतो. आवाजात ठळक एकच सूर असेल, किंवा ठोके असतील, तर मर्यादा आणखी ५ ने खाली येते, म्हणजे रात्री ४०. उलट, परिसराचा मूळ आवाजच ४५ च्या वर असेल (फ्रीवे जवळ असला की असतोच) तर तो मूळ आवाज हीच मर्यादा धरतात.

आपल्या उदाहरणातला पंप लॉस एंजेलिस काउंटीत सरळ नापास.

गंमत म्हणजे एसीला वेगळं कलम आहे. १९८० नंतर बसवलेल्या घरगुती एसीला शेजारच्या हद्दीवर ५५ आणि शेजारच्या खिडकीबाहेर ५० पर्यंत मुभा. म्हणजे त्याच खिडकीबाहेर ४८ वाजणारा एसी (हद्दीवर ५५ च्या आत असेल तर) पास आणि ४८ वाजणारा पंप नापास! तक्रारीत 'मशीनचा आवाज' असं मोघम लिहू नका, कुठलं मशीन ते लिहा.

---

टेक्सन_तात्या

मोजपट्टी यांचा प्रतिसाद उत्तम, पण तो वाचून ह्यूस्टनकरांनी हुरळू नये. टेक्सासमध्ये चित्र अगदी उलटं आहे. इथल्या काउंटीला विधिमंडळाने जेवढं हातात दिलं तेवढंच करता येतं, स्वतःहून सर्वसाधारण ऑर्डिनन्स काढता येत नाही. ह्यूस्टन शहराचा ध्वनिनियम आहे, पण तो शहराच्या हद्दीपुरता. सायप्रेस किंवा केटीचा पत्ता असलेल्या बाहेरच्या वसाहतीत तो लागत नाही.

मग उरतं राज्याच्या दंडसंहितेचं कलम ४२.०१. त्यात 'अवाजवी आवाज' हा गुन्हा आहे, वर्ग सी (सगळ्यात किरकोळ), दंड ५०० डॉलरपर्यंत. तोच आवाज ८५ डेसिबलच्या वर असेल, आणि पोलीस अधिकाऱ्याने किंवा मॅजिस्ट्रेटने 'हा उपद्रव आहे' अशी समज दिल्यानंतरही तसाच चालू राहिला, तर तो अवाजवी आहे असं कायदा गृहीत धरतो.

आपला पंप कुंपणाशी ५७.५. ८५ च्या आसपासही नाही.

---

सात_समुद्र

म्हणजे टेक्सासमध्ये ८४ पर्यंत सगळं खुशाल चालतं?

---

टेक्सन_तात्या

नाही, आणि हा गैरसमज काही अधिकाऱ्यांचाही असतो. ८५ ही परवानगीची मर्यादा नाही, ती पुराव्याची सोय आहे. ८५ ओलांडलं आणि समजही देऊन झाली, तर अवाजवीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. त्याच्या खाली असेल तर वेळ, सातत्य, अंतर, साक्षीदार यावरून सिद्ध करावा लागतो. रात्री २ वाजता अंगणात स्पीकर लावून ७० डेसिबल वाजवणाऱ्यालाही दंडाची चिठ्ठी मिळू शकते.

म्हणूनच पहिल्या फोनला महत्त्व आहे. गाणी बंद होवोत न होवोत, अधिकाऱ्याने समज दिल्याची नोंद झाली पाहिजे. पोलिसांच्या तातडी नसलेल्या (नॉन-इमर्जन्सी) नंबरवर फोन करा, नोंदीचा क्रमांक मागून घ्या आणि तारीख-वेळेसह लिहून ठेवा. पुन्हा वाजलं तर दुसऱ्या फोनमध्ये तोच क्रमांक सांगायचा. हॅरिस काउंटीत बऱ्याच वसाहती कॉन्स्टेबलच्या (इथे हा साधा शिपाई नव्हे, निवडून आलेला पोलीस अधिकारी) कार्यालयाशी गस्तीचा करार करतात. तुमच्या वसाहतीचा असेल तर शेरीफऐवजी (काउंटीचा पोलीसप्रमुख) तिथे फोन करावा लागतो.

आणि पंपासारख्या गोष्टीसाठी टेक्सासमध्ये खरा मार्ग एचओएचा. डीड रिस्ट्रिक्शनमध्ये (वसाहतीतल्या घरांना बांधील असलेल्या अटी) उपद्रवाचं कलम बहुधा असतंच. पण बोर्ड थेट दंड लावू शकत नाही. प्रॉपर्टी कोडच्या प्रकरण २०९ प्रमाणे आधी लेखी नोटीस द्यावी लागते, सुधारायला वाजवी मुदत द्यावी लागते, शिवाय ३० दिवसांत सुनावणी मागण्याचा हक्क सांगावा लागतो. महिना-दीड महिना धरून चाला.

---

रेनियर_रहिवासी

वॉशिंग्टन राज्य या दोघांच्या मध्ये. इथे राज्यानेच आकडे दिले आहेत: प्रशासकीय संहितेचं प्रकरण १७३-६०. जमिनीचे तीन वर्ग, ए (राहती घरं), बी (व्यापारी), सी (कारखाने). घराकडून घराकडे ५५ डीबीए, दुकानाकडून घराकडे ५७, कारखान्याकडून घराकडे ६०. रात्री १० ते सकाळी ७ यातून १० वजा. थोड्या वेळासाठी सूट आहे: तासात ५ डेसिबल जास्त १५ मिनिटं, १० जास्त ५ मिनिटं, १५ जास्त दीड मिनिट.

रेडमंड रिज हे आपल्या लोकांचं आवडतं ठिकाण. पत्ता रेडमंडचा, पण जमीन किंग काउंटीची. तिथे पोलीस म्हणजे शेरीफ, रेडमंडचे पोलीस नव्हेत. राज्याचं इकॉलॉजी (पर्यावरण) खातं नियम करतं, तुमच्या कुंपणाशी मीटर घेऊन येत नाही. त्यांना पत्र लिहून वेळ घालवू नका.

उदाहरणातला पंप रात्री ४५ च्या मर्यादेत नापास.

सूट कशाला आहे तेही बघा. घराची किंवा बागेची तात्पुरती दुरुस्ती-देखभाल सकाळी ७ ते रात्री १० माफ. स्पीकरशिवायचा माणसाचा आवाज कधीही माफ. म्हणजे शेजारचे काका मध्यरात्री अंगणात तावातावाने राजकारण बोलत असतील तर डेसिबलचा नियम उपयोगाचा नाही, 'सार्वजनिक त्रास' हे वेगळं कलम शोधावं लागेल.

---

मोजपट्टी

आता मोजायचं कसं, ते सविस्तर. निम्म्या तक्रारी इथेच बाद होतात.

फोनमधलं ॲप पुरावा म्हणून कुणी धरत नाही, पण तक्रार करावी की नाही हे ठरवायला चालतं. आयफोनवर निओशचं (अमेरिकेची कामगार-आरोग्य संशोधन संस्था) मोफत साउंड लेव्हल मीटर चांगलं आहे, ±२ डीबीए धरा. पुढे जायचं तर वर्ग २ चा मीटर आणि तो पडताळायला ९४ डेसिबल, १००० हर्ट्झचा कॅलिब्रेटर. मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेट करून दोन्ही आकडे लिहायचे. भिंतीला किंवा कुंपणाला चिकटून उभं राहू नका, परावर्तनाने ३ डेसिबलपर्यंत फुकट वाढतात. माइक जमिनीपासून ५ फुटांवर, त्यावर फोमची टोपी. वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर असेल तर घरी जा, तुम्ही वारा मोजताय.

सगळ्यात महत्त्वाचं: पंप बंद असतानाचाही आकडा हवा. समजा पंप चालू असताना ४८ आणि बंद असताना ४५. मग पंपाचा स्वतःचा आवाज ३ नव्हे, ४५ आहे. डेसिबल सरळ वजा होत नाहीत. आणि चालू-बंदमधला फरक ३ पेक्षा कमी असेल तर पंपाचा आकडा छातीठोकपणे सांगता येत नाही. त्या जागेवर तक्रार उभी राहणार नाही, रात्री ३ वाजता पुन्हा मोजा.

आता बासचा, म्हणजे खालच्या सुराच्या आवाजाचा प्रश्न. डीबीएमधला 'ए' म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे केलेली कपात. ६३ हर्ट्झला ती २६ डेसिबल असते. म्हणजे शेजारच्या सबवूफरचा ६३ हर्ट्झचा ठोका तुमच्या खिडकीशी खरा ७० डेसिबल आहे, काचा थरथरताहेत, आणि मीटर दाखवतो ४४! रात्रीच्या ४५ मध्ये पास. मीटर 'सी' वर फिरवला की तोच ठोका ६९ दिसतो. नियम डीबीएचा असला तरी दोन्ही आकडे तक्रारीत द्या. सी आणि ए मध्ये १५-२० चा फरक दिसला की समजणाऱ्या अधिकाऱ्याला लगेच कळतं की हा बासचा मामला आहे, आणि तो आकड्यांऐवजी उपद्रवाच्या कलमाकडे वळतो.

---

खोडसाळ_खार

मोजपट्टीकाकांच्या शेजारी राहायची भीती वाटायला लागली आहे. (हलकेच घ्या.)

---

नळपाणी

तक्रारीआधी पंपाकडे नीट बघितलं तर अर्धं काम होतं.

पंप कर्कश किंचाळत असेल तर बहुधा मोटरचे बेअरिंग गेलेत. आत खडे फिरल्यासारखा आवाज असेल तर पंपाला पाणी कमी पडतंय: टोपली पाल्याने भरली आहे, किंवा ओढणाऱ्या बाजूचा एखादा जोड हवा घेतोय. झाकणाची रबरी ओ-रिंग कोरडी पडली तरी असंच होतं. ही कामं स्वस्तातली आहेत.

पंप ठीक असूनही घरात घूं घूं येत असेल तर हात लावून बघा, पीव्हीसीचा पाइप भिंतीला घट्ट क्लॅम्प केलेला सापडेल. पाइप भिंतीला कंप देतो आणि भिंत मग स्पीकरसारखी वाजते. क्लॅम्प सोडवून रबराचा तुकडा घाला, पंपाखाली अर्धा इंच जाडीचं रबरी पॅड द्या.

कायमचा उपाय म्हणजे बदलत्या वेगाचा पंप. वेग निम्मा केला की पाणी निम्मं वाहतं, पण वीज लागते एक-अष्टमांश. तेवढंच पाणी फिरवायला वेळ दुप्पट, तरी एकूण वीज पावपट. आवाज तर लक्षणीय उतरतो. १९ जुलै २०२१ पासूनच्या केंद्रीय कार्यक्षमता नियमामुळे तलावाचे बहुतेक मोठे नवे पंप याच प्रकारचे येतात, त्यामुळे जुना मेल्यावर शेजारी आपोआप इकडे येणारच. फक्त टाइमर सकाळी ९ ते रात्री ९ वर लावायला सांगा. दुपारी दोनेक तास वेग वाढवावा लागतो, नाहीतर स्किमर (पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणारं तोंड) पाला ओढत नाही.

पेटी करायची असेल तर नुसता फोम निरुपयोगी. आवाज वस्तुमानाने अडतो: पाऊण इंची प्लायवुड बाहेरून, फोम आतून. मोटरच्या मागच्या पंख्याला हवा सोडा, बंदिस्त पेटीत मोटर उन्हाळ्यात जळते. फटी असलेल्या लाकडी कुंपणाने काहीही अडत नाही. स्रोत नजरेआड होईल इतकी भरीव आडभिंत असेल तेव्हाच ५ डेसिबलच्या आसपास फरक सुरू होतो.

---

कुंपणकाठी

नळपाणी, हे शेजाऱ्याला दाखवण्याजोगं आहे. वीजबिलाचा मुद्दा आवाजापेक्षा लवकर पटेल.

आता प्रश्न असा, की कॅलिफोर्नियात पोलीस आले आणि 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून निघून गेले तर?

---

हद्दकायम

ते टाळत नसतात, बऱ्याचदा बरोबर बोलत असतात. पोलिसांच्या हातात असतं दंडसंहितेचं कलम ४१५, आणि त्यात 'हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने' मोठा आवाज करून त्रास देणं अपेक्षित आहे. शिक्षा ९० दिवसांपर्यंत कैद किंवा ४०० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मध्यरात्रीच्या पार्टीला ते लागू शकतं, टाइमरवर चालणाऱ्या पंपाचा द्वेष कसा सिद्ध करणार?

म्हणून आधी खातं ओळखा. लॉस एंजेलिस काउंटीत पार्टी, गाणी, आरडाओरडा असेल तर शेरीफ. एका जागी बसवलेली यंत्रं असतील तर सार्वजनिक आरोग्य खातं. कुत्र्याचं भुंकणं प्राणी नियंत्रण विभागाकडे. कोंबडा बऱ्याच ठिकाणी झोनिंगकडे (जमीन-वापराचे नियम बघणारं खातं) जातो, म्हणजे आवाज किती यापेक्षा तो पाळायची परवानगी आहे का हा प्रश्न.

अर्जात 'झोप होत नाही, असह्य आहे' एवढंच लिहिलं तर तो ढिगाऱ्याखाली जातो. किमान दोन आठवड्यांची नोंदवही जोडा: तारीख, सुरू-बंद वेळ, कुठल्या खोलीत, खिडकी उघडी की बंद, चालू आणि बंद असतानाचा आकडा, आणि प्लॉटचा साधा नकाशा अंतरांसह. आणखी एका घराची वेगळी नोंद मिळाली तर सोनं.

काहीच झालं नाही तर उपद्रवाचा दिवाणी दावा. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, वकील लागत नाही. पण तिथे मुख्यतः पैसे मिळतात. पंप कायमचा बंद करण्याचा मनाई हुकूम हवा असेल तर वरचं कोर्ट.

एक खड्डा: शेताला लागून घर असेल तर जपून. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेचं कलम ३४८२.५ म्हणतं की व्यापारी शेती रीतसर तीन वर्षांहून जास्त चालू असेल, तर आजूबाजूला वस्ती झाली म्हणून ती उपद्रव ठरत नाही. पंखे, पंप, पहाटेचे ट्रॅक्टर सगळं त्यात आलं.

---

पोटोमॅक_पल्याड

व्हर्जिनियाची भर. इथे २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅनर विरुद्ध व्हर्जिनिया बीच या खटल्यात 'वाजवी माणसाला त्रास होईल असा आवाज' ही व्याख्या संदिग्ध म्हणून रद्द ठरवली. तेव्हापासून काउंट्या डेसिबलचे आकडे किंवा 'दारं-खिडक्या बंद असताना स्पष्ट ऐकू येतो' अशा तपासता येणाऱ्या कसोट्या वापरतात. दुसरी कसोटी असेल तिथे मीटर विकत घेऊ नका, तारखांसह नोंदी आणि घरच्यांव्यतिरिक्त एक साक्षीदार जास्त कामाचा. ॲशबर्न, साउथ रायडिंग ही तर शहरंच नाहीत, तिथे लाउडन काउंटीचाच नियम बघायचा.

---

सात_समुद्र

अवांतर: भारतात २००० चे ध्वनिनियम देशभर एकच आहेत, राहत्या भागात दिवसा ५५, रात्री ४५. इथे असा केंद्रीय आकडा का नाही?

---

मोजपट्टी

होऊ घातला होता. १९७२ चा ध्वनिनियंत्रण कायदा आहे, आणि ईपीएने (केंद्राची पर्यावरण संस्था) १९७४ मध्ये बाहेर ५५ आणि घरात ४५ हे दिवस-रात्रीचे सरासरी आकडे सुचवलेही. पण ते सुचवणंच राहिलं. १९८२ मध्ये ईपीएच्या ध्वनी कार्यालयाचा निधी थांबला, कायदा पुस्तकात आहे आणि काम राज्यांवर-काउंट्यांवर पडलं. केंद्राने स्वतःकडे ठेवलं ते विमान आणि रेल्वे. रेल्वे फाटकाआधी १५ ते २० सेकंद, १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबलचा भोंगा हा केंद्राचा नियम आहे. त्यावर काउंटीला अर्ज करून उपयोग नाही.

---

ताशावाला

गणपतीच्या पथकांसाठी दोन ओळी, कारण ढोल-ताशाचा सराव शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत करायचा मोह सगळ्यांना होतो. जागेवर २५ फुटांवर मोजा. ९५ आला तर २०० फुटांवर ७७ च्या आसपास राहतो, आणि मोकळ्या माळावर अडवायला काही नसतं. लॉस एंजेलिस काउंटीच्या शिडीत दिवसाची वरची पायरी ७०, म्हणजे २०० फुटांवर घर असेल तर दुपारीही नापास. व्यापारी पार्किंगचा मालक लेखी परवानगी देत असेल तर तिथे, घरांपासून हजार फूट दूर, आणि ढोलांची तोंडं घरांपासून उलटी.

टेक्सासमध्ये शहराबाहेर २,५०० च्या वर माणसं पाच तासांहून जास्त जमणार असतील तर मास गॅदरिंगचा (मोठ्या जमावाचा) परवाना लागतो, अर्ज ४५ दिवस आधी काउंटी जजकडे (काउंटीच्या कारभाराचा प्रमुख). विसर्जनाच्या मेळ्याची तारीख ठरली की पहिला कागद तो.

---

कुंपणकाठी

शेवटची शंका. घरगुती जनरेटर?

---

नळपाणी

वीज गेल्यावर चालला तर बहुतेक ठिकाणी आणीबाणी म्हणून माफ. पण हे जनरेटर आठवड्यातून एकदा आपोआप चाचणीसाठी सुरू होतात, आणि ती वेळ बसवणाऱ्याने टाकलेली असते. पॅनेलवर दिवस आणि वेळ बदलता येते. मंगळवारी दुपारी १२ ठेवा म्हणावं.